एकाच टाकीत तीन पिढ्या: गोव्याच्या पाण्यात ड्वार्फ सिक्लिडची वस्ती कशी वसवायची

दुकानातून ड्वार्फ सिक्लिडची, म्हणजे बुटक्या जातीच्या सिक्लिड माशांची, एक मोठी जोडी आणायची, पिल्लं दिसली की घाईघाईने जाळीने काढून वेगळ्या डब्यात वाढवायची आणि अंगठ्याच्या नखाएवढी झाली की परत आईबापांच्या टाकीत सोडायची, असा बहुतेकांचा शिरस्ता असतो. दुसऱ्या दिवशी शेपट्या फाटलेल्या दिसतात, आठवड्याभरात निम्मी पिल्लं मेलेली. मग शिक्का बसतो, "ही जातच मारकुटी."

मारकुटी आहेच. पण आपल्या डोळ्यांसमोर शंखाच्या तोंडाशी वाढलेलं पिल्लू हे शंखात राहणारे मासे खपवून घेतात, आणि तेच पिल्लू महिनाभर बाहेर राहून आलं की त्याला घुसखोर समजतात. त्यामुळे आजी, मुलगी आणि नातवंडं एकाच टाकीत नांदायची असतील तर कुटुंब बाहेरून आणून बसवता येत नाही, ते जागच्या जागी वाढू द्यावं लागतं. आपलं काम जागा तयार करण्याचं. ते जवळजवळ सगळं मासे येण्याआधीचं आहे आणि त्याला क्रम आहे: आधी पाणी मोजणं, मग वाळू, शंख, पाणी बनवणं, जिवाणू, आणि मासे सगळ्यात शेवटी. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा होतो, कारण रविवारी म्हापशाला गेलं की आधी मासेच घेतले जातात.

## १. जात नीट ओळखून घ्या

सगळे ड्वार्फ सिक्लिड एकत्र कुटुंबाचे नसतात. रॅम, अपिस्टोग्रामा, क्रिबेन्सिस हे दुकानात सहज मिळणारे देखणे मासे पिल्लांची राखण जीव लावून करतात, पण पुढची अंडी घालायची वेळ आली की आधीच्या पिल्लांना हाकलतात. टाकीत हाकलायला जागा नसते, म्हणून ती मरतात. त्यांच्याकडून पिढ्यांची अपेक्षा ठेवू नका.

पिढ्या एकत्र राहतात त्या आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातल्या काही जातींत. घरातल्या टाकीसाठी त्यातली सर्वांत सोयीची म्हणजे निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस, पाळणाऱ्यांच्या तोंडी नुसती 'मल्टी'. नर साडेचार सेंटिमीटरच्या आसपास, मादी तीन-साडेतीन. सरोवराच्या तळाशी गोगलगायींच्या रिकाम्या शंखांचे थर असतात, त्यात ती वस्ती करून राहते. हा लेख तिच्यासाठीच आहे.

प्रिन्सेस सिक्लिड, म्हणजे निओलॅम्प्रोलोगस पुल्चर आणि ब्रिचार्डी, यांचंही कुटुंब असतं. मोठी भावंडं धाकट्यांची राखण करतात. पण ते मल्टीच्या दुपटीने मोठे होतात, कपारीत राहतात, आणि एकदा जोडी जमली की बाकीच्या प्रौढांना टाकीत जगू देत नाहीत. तीन फुटांपेक्षा लहान टाकीत त्यांच्या वाटेला जाऊ नका.

तपासा: दुकानदार 'शेल ड्वेलर' म्हणून काहीही देतो. अंगावरचे उभे पट्टे कल्ल्याच्या झाकणामागेच थांबत असतील तर मल्टी. पट्टे डोक्यावर डोळ्यापर्यंत गेले असतील तर ती सिमिलिस. तीही चांगली, वस्ती करणारी, पण दोन्ही एका टाकीत घालू नका, संकर होऊ शकतो. अंगावर पट्ट्यांचा पत्ता नाही आणि कल्ल्याच्या झाकणावर चमकता ठिपका असेल तर तो ऑसेलेटस. शंखात राहतो खरा, पण एकलकोंडा आणि भांडखोर.

## २. घरचं पाणी मोजा, अंदाज करू नका

डिचोली, सत्तरी, फोंडा, पेडणे, कुठेही जा, जांभ्या खडकातल्या विहिरीचं पाणी बहुधा मऊ आणि आम्लाकडे झुकलेलं असतं. नळाचं पाणी ओपा, साळावली, अस्नोडा किंवा चांदेल यांपैकी कुठूनही येवो, ते घाटातून आलेलं पावसाचं पाणी, म्हणजे तेही मऊच. टांगानिकाचं पाणी याच्या अगदी उलट आहे. तिथला पीएच साधारण ८.६ ते ९.२, आणि पाण्यात बायकार्बोनेट व मॅग्नेशियम भरपूर.

थेंबांचे तीन चाचणी संच घ्या: पीएच, केएच आणि जीएच. केएच म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, जीएच म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण. पट्ट्यांचे संच स्वस्त असतात, पण आपल्या दमट हवेत डबी दोनदा उघडली की रंग भलतेच दाखवतात.

विहिरीचं पाणी काढल्याबरोबर मोजू नका. त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड असतो, त्यामुळे पीएच खोटाच खाली दिसतो. बादलीत रात्रभर एअर पंपाची नळी सोडा आणि सकाळी मोजा. लोहाचा तांबूस गाळ असेल तर तोही तोवर तळाशी बसतो.

सावध: टीडीएस मीटरवर, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार मोजणाऱ्या यंत्रावर, विसंबू नका. किनाऱ्याजवळच्या विहिरीत उन्हाळ्यात खारटपणा चढतो, मीटर मोठा आकडा दाखवतो, आणि पाणी जड आहे असं वाटून आपण निर्धास्त होतो. तो आकडा साध्या मिठाचा असू शकतो, केएच मात्र दोनच.

## ३. टाकी आणि फिल्टर

दोन फुटी टाकी, २४ × १२ × १२ इंचांची, सुरुवातीला पुरेशी आहे. हिशेबाने ती ५६ लिटरची, पण वाळू, शंख आणि वरची मोकळी जागा सोडली तर प्रत्यक्षात ४५ लिटरच्या आसपास पाणी मावतं. औषधं, क्षार, सगळ्याचा हिशेब या ४५ वर करायचा. उंच टाकीचा मोह नको. मल्टीचं आयुष्य तळाशी जातं, वरचं पाणी तिला फारसं लागत नाही.

फिल्टर स्पंजचाच घ्या. काठावर टांगायचा मोटरचा फिल्टर अगदी बारीक पिल्लं ओढून घेतो आणि आपल्याला कळतही नाही. हे मासे जन्मजात खोदकामवाले आहेत, वाळूचे ढीग करतात आणि स्पंज पुरून टाकतात. म्हणून तो सपाट दगडावर, तळापासून दोन-तीन इंच वर बसवा.

झाकण हवंच. आपल्याकडच्या घरांत त्याचं पहिलं कारण पाल. दिव्याला येणारे किडे टिपायला ती टाकीच्या काठावर येते, पाण्यात पडते, शंखांच्या मागे जाऊन मरते, आणि पाणी का बिघडलं याचा शोध आपण चार दिवस घेत बसतो.

एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, म्हणजे वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं येणार नाही. देवघर, अगरबत्ती आणि डासांच्या फवाऱ्यापासून तो लांब असावा. पंप खोलीतली हवा ओढतो आणि त्या हवेत जे असेल ते पाण्यात मिसळतो.

## ४. वाळू आणि शंख

वाळू बारीक हवी, दोन इंच जाडीची. मल्टी तोंडाने कण उचलते, खडी तिला उचलत नाही. एक्वेरियमच्या दुकानातली बारीक वाळू किंवा पोहण्याच्या तलावाच्या फिल्टरसाठी मिळते ती चालते. किनाऱ्यावरून किंवा नदीतून पिशवीभर आणायचा विचार सोडा. वाळूउपशावर निर्बंध आहेत, आणि किनाऱ्याच्या वाळूतलं मीठ व सेंद्रिय घाण धुता धुता पुरेवाट होते.

आता शंख. इथे गोवेकरांची सोय आहे. भातशेतांत आणि तळ्यांच्या काठी गोड्या पाण्यातल्या मोठ्या गोलसर गोगलगायींचे रिकामे शंख पडलेले असतात, पेरणीच्या आधी सुकलेल्या शेतात विशेष. तीन ते पाच सेंटिमीटर मापाचे, ज्याच्या तोंडात करंगळी जेमतेम जाईल असे निवडा. समुद्राचे शंखही चालतात, पण आत खोलवर वळलेले आणि काटे नसलेले. किनाऱ्यावर उचललेला प्रत्येक 'रिकामा' शंख रिकामा नसतो, आत साधू खेकडा असतो. उचलून दहा मिनिटं वाळूवर ठेवा, हलला तर तिथेच सोडा. आणि पर्यटकांसाठी विकतात ते चकचकीत, पॉलिश किंवा रंग केलेले शंख टाकीत नकोत.

शंखांची तयारी अशी:

१. कोमट पाण्यात दोन-तीन दिवस भिजत घाला, रोज पाणी बदला.
२. अर्धा तास उकळा. स्वयंपाकघरातल्या भांड्यात केलंत तर घरात काय ऐकावं लागेल ते मी सांगायला नको. जुनं पातेलं वेगळं ठेवा.
३. जोराच्या धारेने आतून धुवा, झटका, आणि वास घ्या. कुजका वास येत असेल तर आत मांस शिल्लक आहे. पुन्हा पहिल्यापासून.
४. कडक उन्हात आठवडाभर वाळवा.
५. वाळलेला शंख उजेडासमोर धरा. भोक असेल तर बाजूला काढा. भोकाच्या शंखात मादी अंडी घालायला राजी नसते.

दोन फुटी टाकीला तीस-चाळीस शंख लागतात. "आठ मासे, म्हणून आठ शंख" हा हिशेब वस्ती मोडणारा आहे. शंख हे नुसतं घर नाही, शेजाऱ्याची हद्दही त्यानेच ठरते. कमी पडले की रोज भांडण. तळाच्या दोनतृतीयांश भागावर ते दाटीने, दोन थरांत, तोंडं वेगवेगळ्या दिशांना करून पसरा. उरलेला भाग मोकळ्या वाळूचा, खाणं टाकायला आणि आपल्याला बघायला. शंख बुडवताना तोंड वर करून आतली हवा पूर्ण जाऊ द्या, नाहीतर रात्री तरंगून वर येतात.

मागच्या कोपऱ्यात वॅलिस्नेरिया या लांब पात्यांच्या पाणवनस्पतीचे दोन-चार जुडगे लावा. जड पाणी त्याला मानवतं. खोदून काढलं तर पुन्हा लावू नका, मासे ठरवतील तिथेच ते टिकेल.

## ५. पाणी बनवा

सर्वांत जास्त टाक्या इथे फसतात. "प्रवाळाचा चुरा घातलाय, होईल पाणी जड" असं सांगणारे खूप भेटतात. प्रवाळ काय, तिसऱ्यांच्या शिंपल्या काय, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच. ते आम्ल पाण्यात विरघळतं, आणि पीएच आठच्या जवळ आला की विरघळणं जवळजवळ थांबतं. म्हणजे चुरा पाणी खाली घसरू देत नाही, पण हवं तिथपर्यंत नेतही नाही. तो मदतनीस म्हणून ठेवा, एक मूठ जाळीच्या पिशवीत. मुख्य काम क्षारांनी करायचं.

लक्ष्य: केएच १० च्या आसपास, जीएच १० किंवा थोडा वर, पीएच ८.२ ते ८.८. सरोवराचा ९ गाठायच्या मागे लागू नका. दुकानातले मासे टाकीत जन्मलेले असतात, त्यांना स्थिर ८.३ हा डळमळत्या ९ पेक्षा कधीही बरा.

केएच २ आणि जीएच २-३ असलेल्या ५० लिटर पाण्यासाठी:

- खायचा सोडा १२ ग्रॅम. ५० लिटरमध्ये दीड ग्रॅमने केएच एका अंशाने चढतो, म्हणजे आठ अंश मिळाले.
- एप्सम सॉल्ट १५ ग्रॅम, कुठल्याही फार्मसीत मिळतं. साधारण २.२ ग्रॅमला जीएच एक अंश, म्हणजे सातेक अंश.

तुमच्या पाण्याचे आकडे वेगळे असतील तर याच हिशेबाने कमी-जास्त करा. चमच्याने मोजू नका, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरा.

क्रम: झाकणाचं पिंप भरा. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन काढायचं औषध घाला. नळी सोडून २४ तास हवा द्या. एप्सम सॉल्ट मगभर पाण्यात विरघळवून ओता. अर्ध्या तासाने सोडा वेगळ्या मगात विरघळवून ओता. दोन्ही एकाच मगात दाट कालवलेत तर पाणी दुधाळ होतं आणि क्षार तळाशी बसून वाया जातात. पुन्हा रात्रभर हवा द्या, आणि मग मोजा.

सावध: खायचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. धुण्याचा सोडा घातलात तर पीएच एकदम वर उडी मारतो आणि मासे तासाभरात जातात. बेकिंग पावडरही नको, तिच्यात आम्ल आणि पिठूळ भर असते. घरात दुसऱ्या कुणाला काम सांगणार असाल तर डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

तपासा: लागोपाठ तीन पिंपं बनवून तिन्हींचा केएच एका अंशाच्या आत सारखा आला पाहिजे. येत नसेल तर अजून मासे आणायची वेळ झालेली नाही.

## ६. जिवाणू बसू द्या

माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. हे सगळ्याच टाक्यांना लागू आहे. पण आपल्या टाकीत धोका अधिक, कारण अमोनियाचं विषारी रूप पीएचबरोबर वाढतं. २५ अंशांना पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त भाग विषारी असतो, पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर, आणि ९ ला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. गप्पीच्या टाकीत जी चूक पचून जाते ती इथे पचत नाही.

रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाणं टाका आणि कुजू द्या. कुणाच्या निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर उत्तम, काम निम्म्यावर येतं. नाहीतर तीन ते सहा आठवडे धरा.

तपासा: खाणं टाकणं चालू असताना अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग आठवडाभर शून्य. एखाद्या दिवशी शून्य दिसलं म्हणजे झालं असं नाही.

## ७. मासे आणा: लहान, एकदम, एकाच ठिकाणाहून

सहा ते दहा पिल्लं घ्या, दीड-दोन सेंटिमीटरची. या वयात नर-मादी ओळखता येत नाहीत, आणि त्याची गरजही नाही. एवढ्यांत दोन्ही येतात आणि जोड्या ती आपल्या आपण जमवतात. तयार 'ब्रीडिंग पेअर' म्हणून दुप्पट भावात विकतात ते घेऊ नका. तोच पैसा जास्त पिल्लांना घाला.

सगळे एकाच दिवशी टाकीत गेले पाहिजेत. "आता चार घेतो, पुढच्या महिन्यात चार" असं केलं की पहिल्या चौघांनी तोवर हद्दी आखलेल्या असतात आणि नंतरचे चौघे कायमचे पाहुणे ठरतात, तेही नकोसे.

दुकानाचं पाणी बहुधा मऊ असतं. पिशवी टाकीत अर्धा तास तरंगवून थेट सोडलं तर तापमान जुळतं, क्षार जुळत नाहीत. मासे पिशवीतल्या पाण्यासह छोट्या बादलीत घ्या, एअरच्या नळीला गाठ मारून टाकीचं पाणी थेंबथेंब सोडा, आणि दीड-दोन तासांत बादलीतलं पाणी चौपट होऊ द्या. मग मासे जाळीने टाकीत. बादलीतलं पाणी बाहेर फेका.

सोबतीला दुसरा मासा नको. काच साफ करायला प्लेकोही नको, तो रात्री शंखांवर लोळतो आणि पिल्लं नाहीशी होतात.

## ८. पहिले तीन महिने हात बाहेर

पहिला आठवडा मासे दिसणारच नाहीत. मग वाळूत खड्डे पडायला लागतील, शंख अर्धे पुरले जातील, काही तोंडं वाळूने बंद होतील. तुम्ही मांडलेली रचना आठ दिवसांत मोडलेली दिसेल, आणि ते चांगलं लक्षण आहे. "व्यवस्थित" करायला गेलात तर हद्दी पुसल्या जातात आणि मारामारी पुन्हा पहिल्यापासून. शंख उचलून आत कोण आहे ते बघणं, नळी घालून तळ खरवडणं, दिवा बदलणं, सगळं बंद.

या काळात करायचं एवढंच: दिवसातून दोनदा थोडं बारीक दाण्याचं खाणं, आणि आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी बदलणं, पिंपात बनवलेल्या पाण्याने. एकदम निम्मं पाणी बदलल्याने मल्टी मरू शकतात. दुसऱ्या माशांना चालतं म्हणून इथे चालेल असं नाही.

तपासा: तोंडाला तोंड लावून ढकलाढकली होते, ती नेहमीची. पण एखादा मासा पाण्याच्या वरच्या थरात, स्पंजच्या मागे अंग चोरून दिवसभर राहत असेल आणि पर फाटलेले असतील, तर त्याला जागा मिळालेली नाही. तो बहुधा जास्तीचा नर. त्याला काढा. एवढीच ढवळाढवळ या काळात मान्य.

## ९. पिल्लं आल्यावर

मादी शंखाच्या आत खोलवर अंडी घालते, आपल्याला ती दिसत नाहीत. एखादी मादी एकाच शंखाला चिकटून बसली आणि शेपटीने वारा घालताना दिसली की समजा. आठ-दहा दिवसांनी शंखाच्या तोंडाशी काळसर डोळ्यांचे ठिपके हलायला लागतात. संख्या थोडी असते, दहाबारा दिसली तरी पुष्कळ.

काढू नका. पुन्हा सांगतो, कारण पुष्कळ टाक्या इथेही मोडतात: काढू नका. पहिल्या विणीतली काही जातील. पण जी राहतील ती मोठ्यांच्या हद्दी ओळखत वाढतील, पुढची वीण आली की तिथेच आजूबाजूला राहतील, आणि त्यांना कुणी हाकलणार नाही. पिढ्यांची टाकी बनते ती या न काढलेल्या पिल्लांची.

खरा प्रश्न खाण्याचा. टाकीत एका वेळी तीन मापांची तोंडं असतात, आणि एकच दाणा टाकलात तर मोठ्यांचंच फावतं. म्हणून खायला घालण्याचा क्रम ठरवून घ्या:

१. आधी मोठ्यांचे दाणे, मोकळ्या वाळूच्या बाजूला. मोठे तिकडे जातात.
२. लगेच, ते तिथे गुंतलेले असताना, मधल्या भावंडांसाठी बोटांनी चुरलेले दाणे किंवा सायक्लॉप्स (पाण्यातले बारीक कवचधारी जीव) शंखांच्या वर.
३. शेवटी पिपेटने, एअर पंप पाच मिनिटं बंद करून, ताजे उबवलेले आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) थेट पिल्लांच्या शंखाच्या तोंडाशी.

आर्टेमियाची अंडी उबवायला लिटरला २५-३० ग्रॅम मीठ लागतं. आगरातलं जाडं मीठ झकास चालतं, आयोडीनचं बारीक मीठ विकत आणायची गरज नाही. सतत हवा दिली तर आपल्या तापमानाला २४ तासांच्या आसपास पिल्लं सुटतात. देण्याआधी बारीक फडक्यावर गोड्या पाण्याने धुवा. अंड्यांचा डबा पावसाळ्यात उघडा राहिला की वाया गेलाच समजा. सिलिकाची पुडी घालून फ्रिजमध्ये ठेवा.

जिवंत ट्युबिफेक्स किडे देऊ नका. घाणीतून येतात, आणि टांगानिकाच्या माशांची पोटं फुगतात. एकदा फुगलेला मासा क्वचितच वाचतो.

## १०. गोव्याचे तीन अवघड महिने

मे. पाणी ३१-३२ अंशांना जातं, आणि मल्टीला २८ च्या वर नको असतं. झाकण काढून जाळी लावा आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका सोडा. बाष्पीभवनाने दोनतीन अंश उतरतात, मळभाच्या दमट दिवसांत त्याहून कमी. बर्फाच्या बाटल्या घालू नका, तापमान खालीवर होण्याचा त्रास उकाड्यापेक्षा जास्त. आणि उडून गेलेलं पाणी भरायचं ते बिनक्षाराचं, साधं क्लोरीन काढलेलं. पाणी उडतं तेव्हा क्षार मागेच राहतात. दरवेळी सोड्याचंच पाणी ओतत गेलात तर महिन्याभरात केएच कुठल्या कुठे जातो.

जुलै. विहिरी तुडुंब भरतात, आणि ज्या पाण्यावर तुम्ही मार्चमध्ये हिशेब केला ते पाणी आता तिथे नाही. पावसाने ते आणखी मऊ झालेलं असतं. जून ते सप्टेंबर प्रत्येक पिंप नव्याने मोजा. नळाला गढूळपणा दिसला किंवा क्लोरीनचा वास नेहमीपेक्षा उग्र आला तर त्या आठवड्यात पाणी बदलायचंच नाही. म्हणून दोन पिंपं तयार ठेवलेली बरी. वारापावसात माड तारांवर पडतो आणि रात्रभर वीज नसते. पॉवर बँकवर चालणारा यूएसबी एअर पंप आधीच घेऊन ठेवा आणि मे महिन्यात एकदा चालवून बघा.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. मूळ घरी पाच-सहा दिवस जाणं होतं, आणि शेजारच्या मुलाला "थोडं खाणं घाल" सांगून जातो. ते थोडं कधीच थोडं नसतं. मोठे मासे आठवडाभर उपाशी सहज राहतात, पिल्लं राहत नाहीत. रोजच्या पुड्या बांधून तारीख घालून द्या आणि उरलेला डबा बरोबर घेऊन जा किंवा कपाटात ठेवा.

## ११. विरळणी

वर्षभरात टाकी भरते. दोन फुटीत लहानमोठे मिळून पंचवीस-तीस ही मी हद्द मानतो. त्याआधीच नायट्रेट आठवड्यात लिटरला ४० मिलिग्रॅमच्या वर जायला लागलं तर त्याच दिवशी विरळणी करा.

आधी कुणाला काढायचं? मधल्या पिढीला. सगळ्यात मोठा नर आणि त्याच्या माद्या राहू द्या, अगदी लहानही राहू द्या, दोन-अडीच सेंटिमीटरची मधली काढा. मुख्य नर काढला तर वस्ती पुन्हा वाटणीला बसते.

जाळी घेऊन मागे लागू नका, सगळे शंखात जातात. त्याचाच फायदा घ्या. चार मोकळे शंख नायलॉनच्या दोऱ्याला बांधून संध्याकाळी वाळूच्या मोकळ्या भागात ठेवा. मधल्या पोरांना स्वतःचा शंख हवाच असतो. दोनतीन दिवसांनी सकाळी दिवा लावण्याआधी दोरा अलगद उचला. शंख बादलीत, पाण्याखाली, तोंड खाली करून जाळीवर टेकवून ठेवा. मासा थोड्या वेळाने स्वतःच बाहेर येतो. शंख हलवून, ठोकून, काडी घालून मासा काढू नका.

तपासा: दोऱ्याचा शंख परत ठेवण्याआधी उजेडात आत बघा. तिथे अंडी असतील तर तो शंख त्याच जागी परत जातो, दोऱ्यासकट.

जास्तीचे मासे विहिरीत, व्हाळात, मंदिराच्या तळीत सोडायचे नाहीत. परदेशी सिक्लिड बाहेर सुटला की काय होतं ते तिलापियाने देशभर दाखवलं आहे, आणि आपल्या खाजनातला काळुंदर हाही सिक्लिडच आहे.

## १२. नवं रक्त

सगळे एकमेकांचे नातलग झाल्यावर तीनचार वर्षांनी वीण घटते, वाकड्या कण्याची पिल्लं दिसायला लागतात. तेव्हा लोक बाहेरचा एक चांगला नर आणून सोडतात आणि तो दोन दिवसांत मरतो. जुन्या वस्तीत नवा मासा शिरकाव करू शकत नाही, हे गृहीत धरा.

त्याऐवजी दुसरी टाकी मांडा. विरळणीत निघालेली तुमची चारपाच पिल्लं आणि दुसऱ्या पाळणाऱ्याकडची तेवढ्याच मापाची चारपाच, सगळी एकाच दिवशी, कुणाचीही हद्द नसलेल्या टाकीत. म्हणजे सातव्या टप्प्यापासून पुन्हा. पहिली वस्ती तिच्या गतीने चालू द्या. अदलाबदल करताना माशांबरोबर आपल्या टाकीचे केएच, जीएच आणि पीएचचे आकडे कागदावर लिहून द्या आणि समोरच्याचे मागून घ्या. दोघांच्या केएचमध्ये चार अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर थेंबांची नळी दोन तासांऐवजी चार तास चालू ठेवा.